डरहॅमचा बैल कोणाच्या दावणीला?

अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात डरहॅम नावाचे शहर आहे. तंबाखूवर वाढलेले, तंबाखूचे कारखाने बंद पडल्यावर काही काळ ओस वाटणारे, आणि पुढे विद्यापीठे, रुग्णालये व संशोधनसंस्था यांच्या आधाराने पुन्हा उभे राहिलेले. या शहराच्या बेसबॉल-स्टेडियममध्ये डावीकडच्या उंच निळ्या भिंतीवर एक भला मोठा बैल उभा आहे. यजमान संघाच्या फलंदाजाने होमरन मारली, म्हणजे आपल्या भाषेत चेंडू थेट सीमेपार धाडला, की या बैलाचे डोळे लाल होतात, शेपूट हलू लागते आणि नाकपुड्यांतून धूर निघतो. त्याच्यापाशी पाटी आहे. तिचा आशय असा, की चेंडू बैलाला लागला तर स्टेक मिळेल आणि पायाखालच्या गवताला लागला तर सॅलड.

वाङ्मयाच्या आणि संस्कृती-अभ्यासाच्या वर्गांना हा बैल फार सोयीचा पडतो. तो मुळात रॉन शेल्टनच्या ‘बुल डरहॅम’ या चित्रपटासाठी तयार झाला. चित्रीकरण १९८७ मध्ये गावातल्या जुन्या मैदानावर, डरहॅम ॲथलेटिक पार्कवर झाले आणि १९८८ मध्ये चित्रपट प्रदर्शित झाला. चित्रपटवाले आपला पसारा आवरून गेले, बैल राहिला. १९९५ मध्ये संघ नव्या स्टेडियममध्ये गेला तेव्हा बैलाचा रिवाजही बरोबर गेला, आणि २००८ च्या हंगामापासून तिथे आणखी एक नवा बैल उभा आहे. म्हणजे चित्रपटाने जे कल्पिले ते वास्तवाने उचलले आणि काही वर्षांतच ते ‘आमच्या गावची परंपरा’ म्हणून मिरवू लागले. आमच्यापैकी जे शिकवतात त्यांच्या हाती हा बैल वर्षाआड तरी एखाद्या निबंधातून येतो. निबंधाचा निष्कर्ष ठरलेला असतो: ही मूळ नसलेली प्रत आहे, बोद्रियार ज्याला सिम्युलाक्रम म्हणतो ती हीच. खाली दोन-तीन जड संज्ञा आणि समाधानाचा पूर्णविराम.

दुसऱ्या जातीचे निबंध याच्या अगदी उलट बोलतात. त्यांना या स्टेडियममध्ये गोपकाव्य दिसते. उन्हाळ्यातली संध्याकाळ, विटांच्या भिंती, हाताने आकडे बदलायचा धावफलक, हिरवळ, कुटुंबवत्सल गर्दी, घड्याळाला न जुमानणारा खेळ (हे शेवटचे २०१५ पासून तसे खरे राहिलेले नाही, चेंडू टाकायलासुद्धा आता घड्याळ लावलेले आहे). मोठ्या शहरांतल्या कोट्यधीश खेळाडूंच्या मानाने इथला खेळ निष्पाप, जुन्या वळणाचा, ‘खरा’ आहे, असे या निबंधांचे म्हणणे.

या दोन्ही वाचनांशी आमचे भांडण आहे. एक वाचन बैलाला मूळच नाही म्हणून खूश होते, दुसरे सगळेच मूळचे आहे म्हणून गहिवरते. स्टेडियम कोणी बांधले, कोणाच्या पैशाने, तिथे काम कोण करते आणि त्याला मिळते काय, हे विचारायची गरज दोघांनाही भासत नाही. आणि पहिले वाचन तर वस्तुस्थितीलाच धरून नाही.

कारण बैलाला मूळ आहे. एक नव्हे, बरीच आहेत. ‘बुल डरहॅम’ हे चित्रपटापूर्वी शंभराहून अधिक वर्षे तंबाखूच्या एका छापाचे नाव होते. अमेरिकन यादवी युद्ध १८६५ मध्ये संपता संपता दोन्ही सैन्ये डरहॅमच्या आसपास तळ देऊन होती. सैनिकांनी तिथला तंबाखू चाखला आणि घरी परतल्यावर तोच हवा म्हणून मागणी केली, असा या धंद्याच्या भरभराटीचा वृत्तांत आहे. छापावरचा बैल तंबाखूवाल्याने इंग्लंडच्या कोलमन कंपनीच्या मोहरीच्या डब्यावरून उचलला अशीही कथा सांगतात. विसाव्या शतकाच्या आरंभी याच तंबाखूचे प्रचंड आकाराचे बैल देशभरच्या बेसबॉल-मैदानांच्या कुंपणांवर उभे राहिले. ज्याचा फटका थेट बैलावर आदळेल त्या खेळाडूला पन्नास डॉलर, अशी कंपनीची जाहिरात होती. शेल्टनच्या चित्रपटातला बैल हा त्या जाहिरातीचा नातू. शेल्टन स्वतः मायनर लीगमध्ये खेळलेला माणूस. मैदानाच्या कुंपणावर काय काय रंगवलेले असते हे त्याला कोणी वेगळे शिकवायला नको होते.

जाता जाता एक. राखीव गोलंदाज जिथे बसतात आणि हात मोकळा करतात त्या जागेला बेसबॉलमध्ये ‘बुलपेन’ म्हणतात. हा शब्द या तंबाखूच्या बैलावरून आला, कारण ते गोलंदाज बैलाच्या सावलीत बसत, ही व्युत्पत्ती डरहॅममध्ये मोठ्या अभिमानाने सांगितली जाते. शब्द मात्र बैलाच्या जाहिरातींहून जुना आहे. १८७० च्या दशकात तो मैदानावरच्या दोरी बांधून वेगळ्या केलेल्या स्वस्त जागेसाठी वापरलेला आढळतो. लोकव्युत्पत्ती चुकीची असली तरी तिला आपला स्वार्थ असतो, हे भाषेच्या विद्यार्थ्यांना सांगणे नलगे.

तेव्हा बैल ही मूळ नसलेली प्रत नाही. ती जाहिरातीची प्रत आहे, आणि ती जाहिरात जिची प्रत असेल तीही जाहिरातच. शृंखलेच्या टोकाला पोकळी नाही, मोहरीचा डबा आहे. ‘सगळे केवळ चिन्ह’ म्हणून हात झटकणे आणि ‘हे चिन्ह कशाची विक्री करते’ असे विचारणे यांत जे अंतर आहे, तेच आळशी आणि कामसू समीक्षेतले अंतर आहे असे आम्ही मानतो.

आता गोपकाव्याकडे. या मंडळींच्या पाठीशी मोठे नाव आहे, हे मान्य केले पाहिजे. बार्टलेट जिआमाटी हे येल विद्यापीठातले रेनेसाँस वाङ्मयाचे प्राध्यापक. महाकाव्यांतल्या पार्थिव नंदनवनाच्या कल्पनेवर १९६६ मध्ये त्यांनी ग्रंथ लिहिला. पुढे ते येलचे अध्यक्ष झाले आणि १९८९ मध्ये चक्क अमेरिकन बेसबॉलचे सर्वोच्च अधिकारी, म्हणजे कमिशनर. पाचच महिन्यांत त्यांचे निधन झाले. बेसबॉलवरच्या त्यांच्या लेखनात नंदनवनाचा तोच शोध चालू आहे, आणि ते लेखन सुंदर आहे. पण जिआमाटींना आपण रूपकात बोलतो आहोत याचे भान होते. ज्या वर्षी ते कमिशनर होते त्याच वर्षी जुगाराच्या प्रकरणात पीट रोझसारख्या खेळाडूला त्यांनी कायमचे बाहेर काढले. नंदनवनाला फाटक असते आणि फाटकावर पहारेकरी असतो, हे त्यांनी स्वतः करून दाखवले. त्यांच्या मागून आलेल्या निबंधांत रूपक राहिले, पहारेकरी गळाला.

गोपकाव्य म्हणून जे वाचले जाते ते डरहॅमच्या स्टेडियममध्ये बसवलेले आहे. ते बांधणाऱ्या वास्तुसंस्थेचे नाव एचओके स्पोर्ट. याच संस्थेने १९९२ मध्ये बाल्टिमोरचे कॅम्डन यार्ड्स बांधले आणि जुन्या धाटणीच्या विटांच्या स्टेडियमांची लाट आणली, असे सर्वत्र छापलेले असते. त्याआधी १९८८ मध्ये, म्हणजे चित्रपटाच्याच वर्षी, याच संस्थेने बफेलो शहरात पायलट फील्ड हे जुन्या वळणाचे स्टेडियम उभे केले होते, आणि ते मायनर लीगचे होते. जुनेपणाची ही फॅशन वरून खाली आली नाही. ‘निष्पाप’ समजल्या जाणाऱ्या खालच्या पायरीवर तिची तालीम झाली. त्या निळ्या भिंतीचेही तसेच. ती बॉस्टनच्या फेनवे पार्कमधल्या प्रसिद्ध हिरव्या भिंतीच्या धर्तीवर आहे. फेनवेची भिंत सदतीस फूट उंच, डरहॅमची बत्तीस. फेनवेला भिंत लागली कारण डाव्या बाजूला लॅन्सडाउन रस्ता होता, मैदानाला हातपाय पसरायला जागा नव्हती. अडचणीतून आलेला तो आकार. डरहॅमने त्याचे अवतरण घेतले आहे. अवतरण घेण्यात पाप नाही. अवतरणचिन्हे पुसून टाकायची आणि वर ‘बघा, किती अस्सल’ म्हणायचे, याला मात्र आपल्या परीक्षांमध्ये वेगळे नाव आहे.

‘मायनर’ या शब्दानेही बऱ्याच जणांना फसवले आहे. आपण लघुनियतकालिकांच्या चळवळीचे वारसदार. शिवाय देल्यूझ आणि गुआतारी यांनी काफ्काच्या निमित्ताने ‘मायनर’ वाङ्मयाचा जो गौरव केला तो आपल्या वर्गांत आता चांगलाच मुरलेला आहे. त्यामुळे जे दुय्यम, जे लहान, ते आपोआप बंडखोर आणि मोकळे, असे आपल्याला वाटू लागते. बेसबॉलमधले मायनर तसे नाही. तिथला प्रत्येक संलग्न संघ एखाद्या मोठ्या संघाची रोपवाटिका असतो. सेंट लुईसच्या संघात ब्रँच रिकी याने १९२० च्या दशकात ही पद्धत बांधली आणि तिला नाव पडले ‘फार्म सिस्टम’. शेत! गोपकाव्यवाल्यांना हवा असलेला शब्द इथे आहे, पण तो हिशेबाच्या वहीत आहे. डरहॅम बुल्स हा संघ १९९८ पासून सर्वांत वरच्या, ट्रिपल-ए पायरीवर टँपा बेच्या संघाशी बांधलेला आहे. कोणता खेळाडू डरहॅमला येणार, किती दिवस राहणार, कोणाला केव्हा वर बोलावायचे आणि कोणाला घरी पाठवायचे, हे सारे टँपा बे ठरवतो. खेळाडूंचा पगारही तोच देतो.

आमच्या मते या स्टेडियमच्या सगळ्या वैशिष्ट्यांचे रहस्य इथे आहे. डरहॅमचा संघमालक आपल्या प्रेक्षकाला विजयाचे आश्वासन देऊ शकत नाही, कारण संघ त्याच्या हातात नाही. हंगामाच्या मध्यावर त्याचा उत्तम फलंदाज एका फोनवर निघून जातो. मालकाच्या हातात उरते ते तिकीट, खाणेपिणे, जाहिरातीच्या जागा आणि स्टेडियममधली संध्याकाळ. म्हणून बैल धूर सोडतो. म्हणून बैलाच्या वेषातला विदूषक डावांच्या मधल्या वेळात पोरांना हसवतो, सामना संपल्यावर आतषबाजी होते, प्रेक्षकांत टी-शर्ट उडवले जातात. यात लबाडी नाही. जे विकण्यासारखे आहे ते तो विकतो. लबाडी होते ती आपण या मालाला ‘आत्मा’ म्हणतो तेव्हा.

आणि माल तयार करणाऱ्याचे काय? ट्रिपल-ए पायरीवरच्या खेळाडूचे किमान वेतन २०२० पर्यंत आठवड्याला ५०२ डॉलर होते, तेही फक्त हंगामापुरते, म्हणजे वर्षातले जेमतेम पाच महिने. खालच्या पायऱ्यांवर आठवड्याला २९० डॉलर होते. वसंतातल्या सरावाचे वेतन नसे. खेळाडूंनी किमान वेतनाच्या कायद्याखाली दावा लावला होता. तो चालू असतानाच, २०१८ मध्ये, दोन हजारांवर पानांच्या एका खर्च-विधेयकाच्या पोटात घालून काँग्रेसने एक कायदा मंजूर केला. मायनर लीगच्या खेळाडूंना जादा कामाचा मोबदला द्यायला नको आणि हंगामाबाहेरच्या श्रमाचे काही देणे लागत नाही, असा त्याचा आशय. वाचकांनी या कायद्याचे नाव जरा सावकाश वाचावे: सेव्ह अमेरिकाज पास्टाइम ॲक्ट. अमेरिकेचा विरंगुळा वाचवा! गोपकाव्य विधिमंडळात गेले आणि मजुरी कापून परत आले. स्मरणरंजन ही निरुपद्रवी वाङ्मयीन वृत्ती आहे असे ज्यांना अजून वाटते, त्यांनी या नावावर एक टिपण लिहावे. आम्ही आनंदाने वाचू.

पुढची हकीकत थोडक्यात. २०२० चा हंगाम महामारीने बुडाला. त्यानंतरच्या फेररचनेत संलग्न संघ एकशे साठवरून एकशे वीसवर आणले गेले. चाळीस गावांचे मोठ्या संघांशी असलेले नाते तुटले आणि पाठीमागे हिरवळीची, विटांची, हाताने फिरवायच्या धावफलकांची स्टेडियमे उरली. २०२२ मध्ये जुन्या दाव्यात साडेअठरा कोटी डॉलरांची तडजोड झाली, त्याच वर्षी खेळाडूंनी संघटना केली आणि २०२३ च्या करारात ट्रिपल-ए खेळाडूचे वार्षिक वेतन साडेसतरा हजारांवरून पस्तीस हजार आठशे डॉलरांवर गेले. हे कोणत्याही काव्याने केले नाही. संघटनेने केले.

हे कळल्यावर बैलावरची पाटी पुन्हा वाचा. रेमंड विल्यम्सने १९७३ च्या ‘द कंट्री अँड द सिटी’ मध्ये इंग्रजी कवितेतल्या जमीनदारी वाड्यांच्या भरल्या ताटांविषयी एक साधा प्रश्न विचारला होता: हे अन्न पिकवणारे आणि रांधणारे हात कवितेतून कुठे गेले? डरहॅममध्ये ताट उलट बाजूने येते. हात समोर, उघड्यावर, दिव्यांच्या लखलखाटात राबत असतात, आणि त्यांना बक्षीस म्हणून जेवण देऊ केले जाते. शंभर वर्षांपूर्वीच्या तंबाखूवाल्याने निदान रोख पन्नास डॉलर लावले होते.

आता त्या विटांविषयी. १९९० मध्ये नव्या स्टेडियमसाठी सार्वजनिक कर्ज काढावे का, असे डरहॅम काउंटीच्या मतदारांना विचारले गेले. त्यांनी नकार दिला. स्टेडियम तरीही झाले. पुन्हा मत घ्यावे लागू नये अशा मार्गाने शहराने पैसा उभा केला. संघ ज्या प्रसारण-कंपनीच्या मालकीचा, त्याच कंपनीने शेजारच्या, १९८७ मध्ये बंद पडलेल्या सिगारेट-कारखान्याच्या इमारती दुरुस्त करून २००४ पासून तिथे कचेऱ्या आणि उपाहारगृहे आणली. त्यातून शहराच्या मध्यभागी पुन्हा वर्दळ आली, याविषयी वाद नाही. कराच्या पैशाचा तो चांगला उपयोग होता असे म्हणणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे आम्ही मोडीत काढत नाही. आमचा आक्षेप विटांच्या बोलीवर आहे. त्या ‘जुने डरहॅम’ असे म्हणतात तेव्हा नेमके कोणाचे डरहॅम?

स्टेडियमला लागून डरहॅम फ्रीवे जातो. हा महामार्ग आणि त्यासोबतचे ‘नागरी नूतनीकरण’ १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे हेटी या वस्तीतून गेले. हेटी हा डरहॅममधल्या कृष्णवर्णीयांचा गजबजलेला भाग: दुकाने, चर्च, चित्रपटगृहे, हॉटेले. चार हजारांवर कुटुंबे आणि पाचशेच्या आसपास व्यवसाय हलवले गेले. जुन्या तंबाखू-कारखान्याच्या विटांशी जुळणाऱ्या विटा स्टेडियमला शोधून लावता आल्या. हेटीच्या बाजारपेठेची एकही कमान कोणत्याही तपशिलात अवतरली नाही. जुन्या मैदानावर वर्णानुसार वेगळी बसण्याची सोय होती, तिचीही आठवण नव्या आसनांना नाही. जॅकी रॉबिन्सनने १९४७ मध्ये ब्रुकलिनमध्ये वर्णभेदाची रेषा ओलांडली. डरहॅम बुल्सच्या संघात पहिले कृष्णवर्णीय खेळाडू, बबा मॉर्टन त्यांतलाच एक, यायला १९५७ उजाडले. त्याच वर्षी याच शहरात रॉयल आइस्क्रीमच्या दुकानात काही कृष्णवर्णीय तरुण गोऱ्यांच्या जागी बसले आणि त्यांना अटक झाली. पुढे बेसबॉलमधला एक थोर खेळाडू ठरलेला जो मॉर्गन १९६३ मध्ये डरहॅमकडून खेळला. त्याचा क्रमांक संघाने सन्मानाने निवृत्त केला आहे. क्रमांक भिंतीवर चढवणे सोपे असते.

हे आपल्याला नवे वाटू नये. ओढे, जत्रा, आजी आणि अंगण यांनी भरलेले गाव मराठी ललितलेखनाने पिढ्यान्पिढ्या जपले. १९७८ मध्ये दया पवारांचे ‘बलुतं’ आले आणि मागून इतरांची आत्मकथने आली, तेव्हा त्याच गावाला वेस होती आणि वेशीबाहेर माणसे होती हे आपल्या अभिरुचीला मान्य करावे लागले. ज्यांनी आपल्या गावाविषयी हे शिकून घेतले त्यांनी परक्या गावात जाताच ते विसरावे, याचेच आम्हांला नवल वाटते. परदेशातल्या स्मरणरंजनाला जणू तिकीट काढले की सवलत मिळते.

तुम्ही एका साध्या करमणुकीवर विरजण घालता, असा आक्षेप येईल, आलाही आहे. आमच्यापैकी काहींनी त्या स्टेडियममध्ये संध्याकाळी घालवल्या आहेत. लिंबाचे सरबत गोड होते, हवा दमट होती, बैलाने धूर सोडला तेव्हा आम्हीही टाळ्या वाजवल्या. भिंतीच्या माथ्यावरून चेंडू जाताना दहा हजार माणसे एकदम उभी राहतात त्यात काही खोटे नाही. त्या आनंदाची आम्हांला लाज वाटत नाही, आणि त्यावर निबंध लिहायचा तर तो त्या आनंदाच्या भाषेतच लिहिला पाहिजे असेही वाटत नाही.

ज्यांना अस्सल जुने काही पाहायचे असेल त्यांनी नव्या स्टेडियमपासून जेमतेम मैलभर उत्तरेला जावे. चित्रपट जिथे झाला ते डरहॅम ॲथलेटिक पार्क अजून उभे आहे. १९२६ मध्ये एल तोरो पार्क या नावाने ते सुरू झाले, १९३९ मध्ये जळाले, पुन्हा बांधले गेले. संघ गेल्यावर त्याची डागडुजी झाली आणि बरीच वर्षे तिथे नॉर्थ कॅरोलायना सेंट्रल विद्यापीठाचा संघ खेळला. हे कृष्णवर्णीयांसाठी १९१० मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ. ज्या मैदानावर एके काळी या समाजाला वेगळे बसवले जात होते ते मैदान अशा रीतीने त्याच्या मुलांचे घर झाले होते. २०२१ च्या हंगामानंतर विद्यापीठाने आपला बेसबॉल-संघ बंद केला. त्या बातमीवर एकही निबंध आमच्याकडे अद्याप आलेला नाही. बैलावर या सत्रात दोन आले.